हे यंत्र ओळखीचं नाही

१

ताईचा आवाज दुसऱ्यांदा गेला तो रविवारी सकाळी, चहानंतर.

पहिल्यांदा गेला तेव्हा सगळं सांगून-सवरून झालं होतं. घशातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागणार, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी ती एका छोट्याशा कंपनीच्या खोलीत माइकसमोर बसून त्यांनी दिलेली वाक्यं दिवसच्या दिवस वाचत राहिली. त्या वाक्यांतून कंपनीने तिच्या आवाजाची फाइल बनवून दिली. ती टाइप करायची, कॉम्प्युटर बोलायचा, आणि ते बोलणं तिचंच असायचं. तोच किंचित बसका स्वर, वाक्याच्या शेवटी वर जाणारा तोच हेल. शेजारीण एकदा दाराबाहेरून ऐकून म्हणाली होती, "अगं, ऑपरेशन पुढे ढकललं का तुझं?"

हा आवाज लागत होता तो एका माणसासाठी. बाकीच्यांना ती पाटीवर लिहून दाखवू शकत होती. नवऱ्याला नाही. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या सकाळी ते पलंगाच्या कडेला ताठ बसले होते, अंघोळ करून, केस विंचरून, एखाद्या कार्यक्रमाला आल्यासारखे. ताईने टाइप केलं. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू आली, बाकी काही नाही.

"काय गं, रुसलीस का?"

ताईने पुन्हा टाइप केलं. मग उठून त्यांचा तळहात दोनदा दाबला. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"मग बोल की. आज अडकायची नाहीस तू."

ताई पडद्याकडे बघत उभी राहिली. पडद्यावर एक चौकोन आला होता. हे यंत्र ओळखीचं नाही. आवाजाची फाइल उघडता येणार नाही. कंपनीशी संपर्क साधा. खाली दोन लांबलचक क्रमांक होते, एक नोंदवलेल्या यंत्राचा आणि एक समोरच्या यंत्राचा. ते जुळत नव्हते.

यंत्र तर तेच होतं. तीच पेटी, तिच्यावर तोच ओरखडा, तेच टेबल.

"बोल की गं," नवरा म्हणाला.

२

मंगळवारी दुपारी ताईचा धाकटा भाऊ आला. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. जळालेली गोदामं, भिजलेल्या कापसाच्या गाठी, उलटलेले ट्रक बघायचे आणि आग लागली की लावली ते ठरवायचं. निवृत्त झाला तरी कुठल्याही घरात शिरताना आधी छताकडे बघायची सवय गेली नव्हती. घरातले सगळे त्याला मामा म्हणत.

ताईच्या मुलाने, म्हणजे त्याच्या भाच्याने, त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"हळू बोल. बाबांना काही सांगितलेलं नाही. प्रोग्राम बिघडलाय, एवढंच सांगितलंय."

"आणि खरं काय?"

"कोणीतरी आत हात मारलाय, मामा. बोर्ड बदललाय."

मामाला बोर्ड म्हणजे काय ते समजावून घ्यावं लागलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक मोठा पत्रा असतो, त्यावर बाकी सगळं बसतं, त्यालाच मदरबोर्ड म्हणतात. एक प्रोग्राम विकत घेऊन दहा ठिकाणी वापरला जाऊ नये म्हणून काही कंपन्या प्रोग्रामला त्या पत्र्याचा क्रमांक पढवून ठेवतात. तो क्रमांक दिसला तर दार उघडायचं, नाही दिसला तर नाही.

"पण फाइल आहे ना?"

"तीन ठिकाणी जपून ठेवलीये. पेनड्राइव्हवर, माझ्या ऑफिसात आणि इथे. तिजोऱ्या तीन आहेत, मामा. किल्ली त्या बोर्डात होती."

"मग कंपनीला सांग, दुसरी किल्ली द्या."

भाचा हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "कंपनी बुडाली. फोन लावला तर गाद्यांच्या दुकानात वाजतो. दुकानदार म्हणाला, तुमच्यासारखे बऱ्याच जणांचे फोन येतात. गादी हवी असली तर सांगा."

ऑपरेटिंग सिस्टिमही पडद्याच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत कुरकुरत होती की ही प्रत अधिकृत नाही. भाच्याचा हिशेबाचा प्रोग्रामसुद्धा नव्याने किल्ली मागत होता. पण त्या दोन्ही कंपन्या जिवंत होत्या, फोन केल्यावर त्यांनी नव्या यंत्राला ओळख देऊन टाकली. जी मेली होती तिला विचारायचं कुणी?

"दुसरं रेकॉर्डिंग? कुठल्या समारंभाचं, सहलीचं?"

"सगळं धुंडाळलं. घरातला प्रत्येक व्हिडिओ आईनेच काढलाय. ती कधी दिसत नाही. मागून फक्त 'हलू नका' एवढंच ऐकू येतं."

"कुणी केलं असेल?" मामाने विचारलं.

"हे त्या दुरुस्तीवाल्याचं काम आहे," भाचा म्हणाला. "यंत्र मधेच अडकायचं म्हणून गुरुवारी त्याला बोलावलं होतं. त्यानेच पेटी उघडली. चांगला बोर्ड काढून घेतला आणि कुठलातरी चिकटवून दिला. मी त्याला सोडणार नाही."

मामा उठून खोलीत गेला आणि पेटीसमोर उकिडवा बसला. बराच वेळ त्याने कशालाच हात लावला नाही. पेटीच्या सांध्यावर दुरुस्तीवाल्याने आपल्या दुकानाचं स्टिकर लावलेलं होतं, कोणी उघडली तर कळावं म्हणून. ते फाटलेलं नव्हतं. पण त्यावरची अक्षरं खाली डोकं वर पाय होती. मागचे चार स्क्रू घट्ट बसवलेले होते, दोन काळे आणि दोन चंदेरी. पुढचा निळा दिवा, जो यंत्र चालू असल्याचं दाखवतो, तो पेटलाच नव्हता.

यंत्र मात्र झकास चालत होतं. दुपारभर ते एकदाही अडकलं नाही.

३

"शनिवारी घरात कोण होतं?" मामाने विचारलं.

सून भाजी निवडत होती. "कोणीच नाही. म्हणजे, बाबा होते. मी आईंना घेऊन तपासणीला गेले होते. दवाखान्यातून यायला संध्याकाळ झाली. हा ऑफिसात. आई इतक्या थकल्या होत्या की तशाच झोपल्या, कॉम्प्युटर लावलाच नाही."

"घर कुलपात होतं?"

"बाबा आतून कडी लावतात. आम्ही आलो तर खोलीत अंधार. मीच दिवा लावला." ती ओशाळली. "बाबांना काय, अंधार काय आणि उजेड काय."

"गुरुवारी दुरुस्तीवाला आला तेव्हा तू होतीस?"

"होते की. त्याने पेटी उघडली, धूळ साफ केली. म्हणाला, बोर्ड दमलाय, त्यावरचे ते छोटे डबे, कॅपॅसिटर, फुगलेत, म्हणून अडकतंय. बदलायला हवा, पण या जातीचा आता मिळत नाही. मग स्टिकर लावून गेला."

"कुठे उभा राहून बोलला हे?"

"तिथेच, खोलीत. बाबांशी गप्पा मारत होता. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं ना, त्यांना भारी उत्साह. कॅपॅसिटर म्हटल्यावर काय विचारता! मी म्हटलं, बाबा, त्यांना काम करू द्या."

"भाऊजी अजून काही दुरुस्त करतात?"

"छे. मागे सोल्डरने बोट भाजलं, तेव्हापासून ह्याने हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलीये. बाबा आठ दिवस बोलले नव्हते ह्याच्याशी." ती थांबली. "मामा, तुम्ही माझ्यावर तर संशय घेत नाही ना? त्या खोलीतल्या पसाऱ्यावर मी कुरकुर करते, सगळ्यांना माहितीये. पलंगाखालचा माझा जुना कॉम्प्युटर शनिवारीच काढून टाकला. पण आईंच्या यंत्राला मी फडकंसुद्धा लावत नाही, भीती वाटते."

"तुझा जुना कॉम्प्युटर?"

"दोन बरोबर घेतले होते ना. एक आईंना, एक मला. मी लॅपटॉप घेतल्यापासून तो पडूनच होता. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो संध्याकाळी येऊन दारातूनच घेऊन गेला. सुट्या भागांना होईल म्हणाला."

बाहेरच्या खोलीत भाच्याने वडिलांसाठी एक नवा प्रयोग चालवला होता. फोनमध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारी एक बाई होती. ताईने फोनवर टाइप केलं आणि ती बाई स्वच्छ, गोड, कुणाच्याच नसलेल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही औषध घेतलं का?"

भाऊजींनी पाय पलंगावर ओढून घेतले.

"ही कोण?"

"बाबा, आईच बोलतेय. फक्त आवाज..."

"आई बोलतेय होय? मग ही मधे कशाला? हिला आधी बाहेर काढ."

ताईने फोन उलटा करून ठेवला. मामाने तिच्यासमोर पाटी धरली. तुला कुणाचा संशय? तिने खडू हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि न लिहिता खाली ठेवला.

आगीच्या चौकशीत अशी माणसं मामाने पुष्कळ बघितली होती. माहीत नसणारा माणूस काहीतरी लिहितो.

४

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट होती. आत जाणाऱ्याला आडवं होऊन शिरावं लागे. मामा शिरला, भाचा दारात राहिला. हाताच्या मुठी त्याने आधीच वळल्या होत्या.

"मी बोर्ड बदलला नाही, काका," दुरुस्तीवाला म्हणाला. तो चाळिशीचा, पोक काढून बसणारा माणूस होता. "बदलायला माझ्याकडे होताच कुठे? या जातीचा बोर्ड मी स्वतः सगळीकडे शोधतोय, काकूंसाठीच."

"आणि स्टिकर?"

मामाने फोनवर काढलेला फोटो दाखवला. दुरुस्तीवाल्याने चष्मा वर केला.

"हे मी लावलं? दुकानाचं नाव डोक्यावर उभं? पाट्या रंगवणाऱ्याकडून मुद्दाम लिहून घेतलंय ते अक्षर, काका. मी झोपेतसुद्धा उलटं लावणार नाही."

"शनिवारी तू त्यांच्या सुनेचा जुना कॉम्प्युटर नेलास."

"नेला ना. इतका खूश झालो होतो! घरी येऊन बघतो तर तीच जात. म्हटलं, काकूंचं काम झालं, याचा बोर्ड त्यांना लावू. उघडला तर याचेही कॅपॅसिटर फुगलेले. नशीबच फुटकं." त्याने मागच्या फळीकडे बोट दाखवलं. "तो बघा, काढून ठेवलाय. मोडीत जायचा."

मामाने तो पत्रा उजेडात धरला. कडेला एक बारीक पांढरी पट्टी होती, तिच्यावर क्रमांक. खिशातून त्याने कागद काढला. पडद्यावर दिसलेला, नोंदवलेल्या यंत्राचा क्रमांक त्याने उतरवून आणला होता. एकेक अंक बोटाने पुढे सरकवत त्याने वाचला. मग पुन्हा वाचला.

तो सुनेचा बोर्ड नव्हता. ताईचा होता.

"मिळाला?" दारातून भाचा ओरडला. त्याने आत येऊन कागद हिसकावला, पट्टी बघितली आणि दुरुस्तीवाल्याची कॉलर धरली. "आईचा आवाज काढून फळीवर ठेवलास? मोडीत घालणार होतास?"

"मला माहीत नाही हो!" दुरुस्तीवाल्याचा चष्मा खाली पडला होता आणि तो हाताने चाचपत होता. "काका, देवाशपथ, त्या पेटीतून निघालाय हा. मी कसा... त्यांच्या घरात मी शनिवारी पाऊल टाकलं नाही. दारातूनच..."

"पोलिसांना सांग हे."

"सोड त्याला," मामा म्हणाला.

"मामा, माल त्याच्याकडे सापडलाय!"

"म्हणूनच म्हणतो, सोड. आग लावणारा काडेपेटी खिशात घेऊन बसत नाही. तो बोर्ड घेऊन घरी चल. आणि याला दुकान उघडं ठेवू दे, आपल्याला याची गरज लागेल."

दुरुस्तीवाला अजून चष्मा शोधत होता. तो त्याच्या पायाशीच होता, पण चाचपणारा हात भलतीकडेच फिरत होता. मामा त्या हाताकडे बघत उभा राहिला, नको तितका वेळ.

५

घरी आल्यावर मामा पुन्हा पेटीसमोर बसला. या वेळी त्याने डोळे मिटले.

बोटं मागच्या स्क्रूंवर फिरवली. चारही सारखेच. तोच आकार, तीच खाच, कुठला काळा आणि कुठला चंदेरी हे बोटाला सांगता येत नव्हतं. स्टिकरवर फिरवली. गुळगुळीत चौकोन, चारही कोपरे घट्ट दाबलेले, सांध्यावर बरोबर मधोमध. अक्षरं वर की खाली, बोटाला कळेना. पुढच्या दिव्याला आतून दोन बारीक तारा जातात, एक रंगीत, एक पांढरी, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. उलटसुलट लावल्या तरी त्या बसतात. दिवा मात्र लागत नव्हता, आणि दिवा न लागल्याचं ज्याला दिसेल तो तसाच सोडणार नाही.

बोटाला कळतं ते सगळं बरोबर होतं. डोळ्याला कळतं तेवढंच चुकलं होतं.

शनिवारी आतून कडी होती. खोलीत अंधार होता. पलंगाखाली त्याच जातीचा दुसरा कॉम्प्युटर होता. आणि गुरुवारी याच खोलीत एकाने मोठ्याने सांगितलं होतं की बोर्ड दमलाय, पण तसा मिळत नाही.

मामा पलंगावर जाऊन भाऊजींच्या शेजारी बसला.

"भाऊजी, स्टिकर खाली पडलं होतं का?"

भाऊजींच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघायची मामाची तयारी नव्हती. ते हसत होते.

"ओळखलंस! अरे, पडलं ना. वाफेवर धरून अख्खं सोडवलं, जरा म्हणून फाटू दिलं नाही, आणि ऐन वेळी सुटलं हातातून. पार टेबलाखाली. उलटं लागलं काय?"

"उलटं."

"हात्तिच्या. बाकी कसं आहे ते सांग. अडकला का एकदा तरी?"

"एकदाही नाही."

"अडकणारच नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "गुरुवारी तो म्हणाला, तेव्हाच ठरवलं. कॅपॅसिटर फुगलेला बोटाला लागतो, नाण्यासारखा सपाट असायला हवा, याचे पुरीसारखे झाले होते. सूनबाईचा कॉम्प्युटर, याचाच जोडीदार, खाली पडून होता, त्याचे चाचपून बघितले, सपाट. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. दुपार गेली सगळी. पण सुरू केला तेव्हा ती सुरुवातीची धून वाजली ना, शप्पथ सांगतो, दुकानातले दिवस आठवले."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला? पोराला? स्क्रूड्रायव्हर हातात दिसला की त्याचा जीव वरखाली होतो. उशीखाली एक ठेवलाय, तू बोलू नकोस." मग त्यांचा चेहरा बदलला. "तुला सांगतो, ते यंत्र वाक्याच्या मधे थांबायचं ना, तुम्हाला काय, तुम्हाला ती दिसते. मला काय कळणार यंत्र थांबलं की ती? दर वेळी हात पुढे करून बघायचो. आहे ना म्हणून. किती दिवस चालायचं तसं?"

मामाने घसा साफ केला. "भाऊजी, असं म्हणतात की काही काही प्रोग्राम बोर्ड ओळखतात. बोर्ड बदलला की..."

"ओळखतात? बोर्डाला काय ओळखायचंय! जन्मभर रेडिओ उघडले मी. व्हॉल्व्ह बदलला, ट्रान्सफॉर्मर बदलला, कधी आतलं सगळं नवं घातलं. रेडिओ कधी म्हणाला नाही की मी तुम्हाला ओळखत नाही. आवाज डिस्कवर असतो, तेवढं मलाही कळतं. डिस्कला मी हात लावला नाही. हे प्रोग्रामचं दुखणं वेगळं आहे. होईल नीट."

मामाने मान वर केली. दारात ताई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने हळूच मान हलवली. नाही. मग दोन्ही हात जोडले आणि पुन्हा मान हलवली.

तिला रविवारीच कळलं होतं. उलटं स्टिकर तिलाही दिसलंच होतं की.

"हो," मामा म्हणाला. "होईल नीट."

जिन्यात त्याने भाच्याला सगळं सांगितलं. भाचा पायरीवर बसला. पोलिस, चोर, कॉलर, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं आणि खाली काहीच उरलं नाही.

"मला एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," तो म्हणाला. "बोर्डातल्या किल्लीचं मला माहीत होतं, मामा. मला एकट्याला माहीत होतं."

"आणि विचारलं असतं तर तू उशीखालचा स्क्रूड्रायव्हरही काढून घेतला असतास."



६

दुरुस्तीवाल्याने भाच्याची माफी ऐकून घेतली नाही. "ते राहू द्या. बोर्ड द्या इकडे."

त्याने फुगलेले कॅपॅसिटर काढले आणि नवे बसवले. काढताना पत्र्यावरची एक रेघ जळालेली निघाली, तिथे केसाएवढी तार जोडली. बोर्ड घेऊन तो घरी आला तेव्हा त्याने मामाला आणि भाच्याला बाहेरच थांबवलं.

"चालला तर किती वेळ चालेल, मला विचारू नका. आत अजून काय करपलंय, दिसत नाही. आणि या वेळी बंद पडला की बंद. माझ्या हातात पुढे काही नाही."

तेव्हा मामाने ठरवलं की जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात शक्य तितका आवाज भाच्याच्या फोनवर भरून घ्यायचा. एका कागदावर त्याने शब्द लिहिले. हो. नाही. पाणी. औषध. दार. मी आहे. घरातल्यांची नावं. ताईने ते ओळीने टाइप करायचे, यंत्राने म्हणायचे. मग निदान तेवढं तरी तिच्या आवाजात तिच्या नवऱ्याला ऐकवता येईल.

भाऊजींना सांगितलं की दुरुस्तीवाला प्रोग्राम लावून देतोय. ते पलंगाच्या कडेला येऊन बसले.

बोर्ड स्वयंपाकघरात बसवून पेटी टेबलावर परत आणली. धून वाजली. प्रोग्राम उघडला, आणि कुठलाही चौकोन आला नाही. भाच्याने फोन पुढे धरला. मामाने कागद ताईच्या समोर ठेवला.

तिने तो वाचला. मग घडी घालून बाजूला ठेवला आणि टाइप करू लागली.

"ऐकू येतंय का?" ताई म्हणाली.

भाऊजींनी डोळे मिटले. "येतंय. अगदी स्वच्छ."

"आई, आधी कागदावरचं," भाचा पुटपुटला. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही.

"भांग वाकडा पडलाय तुमचा."

"मग पडणार नाही तर काय? आठवडाभर सांगणारं कोण होतं? हा एक म्हणतो, बाबा छान दिसताय. छान म्हणे!" त्यांनी केसांवरून हात फिरवला. "आता?"

"आता आणखी वाकडा."

भाऊजी मोठ्याने हसले. दुरुस्तीवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. भाऊजी पुढे वाकले, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेताने आवाज बारीक केला.

"एक सांगू? रागावू नकोस. बोर्ड मी बदललाय. शनिवारी, तू दवाखान्यात होतीस तेव्हा. पोराला बोलू नकोस. पण बघ ना, अडकलीस का आता? इतकं बोललीस, एकदा तरी अडकलीस?"

ताईची बोटं थांबली. मग ती टाइप करायला लागली, भराभर, खालचा ओठ दातात धरून. वाक्य लांब होतं. तिने कळ दाबली.

"तुम्ही हात लावलेलं यंत्र आजवर..."

वाक्य मधेच राहिलं. दुरुस्तीवाला झेपावला, माउस हलवून बघितला. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही. पेटीतून करपल्याचा वास यायला लागला होता, अगदी थोडा. त्याने मामाकडे बघून मान हलवली.

"आजवर काय?" भाऊजी म्हणाले.

पडद्यावर पूर्ण वाक्य तसंच उभं होतं. तुम्ही हात लावलेलं यंत्र आजवर कधी बिघडलं नाही. आता पडा जरा, संध्याकाळी निवांत बोलू.

"भाऊजी," मामा म्हणाला, "पुढचं इथे लिहिलेलं आहे. मी वाचतो."

"तू इथे आहेस होय?" ते थोडे लाजले. मग त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. "तू नको वाचूस. तिचं तिला म्हणू दे. दुसरंच काहीतरी अडकलं असेल, बोर्ड चांगला आहे. मला काही घाई नाही."

ताई उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. त्यांनी तिच्यासाठी थोडी जागा केली आणि कान टेबलाकडे लावला.

कॉम्प्युटरचा पंखा अजून फिरत होता. दुरुस्तीवाल्याने बटणाकडे हात नेला, भाच्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. तो पंखा बंद करायला त्या खोलीतलं कोणीच पुढे झालं नाही.